वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागतोय? आखूड हौद्याच्या पिकअपमागे फिफ्थ व्हील ओढताना करायच्या तपासण्या

सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नाही. हायवेवर ताशी ६० मैलांना ट्रेलर शहाण्यासारखा मागून येतो. मग कॅम्पग्राउंडच्या अरुंद जागेत मागे घेताना केबिनच्या मागून ‘कर्र’ असा आवाज येतो आणि तोवर उशीर झालेला असतो. अमेरिकेत आणि कॅनडात फिफ्थ व्हील ट्रेलर घेऊन फिरणाऱ्या आपल्या मंडळींकडून हीच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. हिच (हौद्यातला जोड) बदलली, वळताना ती मागे सरकवणारा स्लायडर बसवला, तरी पुन्हा तेच.

ज्यांनी नुकताच ट्रेलर घेतला आहे त्यांच्यासाठी एवढेच, की आपल्याकडे महामार्गावर कंटेनरचे ट्रेलर ज्या पद्धतीच्या जोडाने ओढले जातात, तोच हा जोड लहान आकारात. ट्रेलरच्या नाकाखाली २ इंच व्यासाचा किंगपिन असतो, तो पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकतो. वजन मागच्या बंपरवर न येता मागच्या आसावर येते म्हणून हा ट्रेलर स्थिर चालतो. पण त्यासाठी ट्रेलरचे नाक हौद्याच्या वर, केबिनच्या मागे येऊन बसते. दुखणे तिथेच आहे.

लक्षणे

केबिनच्या मागच्या वरच्या कोपऱ्यावर चरा किंवा पोचा. ट्रेलरच्या पुढच्या टोपीवर, म्हणजे नाकाच्या दर्शनी भागावर, गाडीच्या रंगाची रेघ. मागची काच तडकणे, किंवा टपाजवळच्या ब्रेकलाइटमधून पाणी झिरपणे. सपाट जागी सुटते आणि उतारावर लागते. डावीकडे सुटते आणि उजवीकडे लागते. स्लायडर असूनही लागते.

यात न मोडणारी दोन लक्षणे बाजूला काढा. हौद्याच्या कडेवर ट्रेलरच्या पोटाचे घासल्याचे डाग असतील, तर तो उंचीचा दोष आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. सुरू करताना आणि थांबताना मागून ढुशी बसत असेल, तर सैल जबडा, झिजलेला पिन किंवा नीट न लावलेले ट्रेलरचे ब्रेक बघा. कोपरा लागण्याशी त्याचा संबंध नाही.

तपासणी १: हौद्यात आणि टपावर काय आहे?

यात खर्च शून्य. केबिनला लागून ठेवलेली हत्यारांची पेटी, जादा डिझेलची टाकी, काचेमागची जाळी, टपावरचा अँटेना किंवा रॅक या वस्तू चार-सहा इंच खाऊन टाकतात. अनेकदा ट्रेलर केबिनला लागतच नाही, पेटीच्या झाकणाला लागतो आणि झाकण केबिनवर दाबले जाते. पेटी काढून एकदा वळून बघा. हौद्यावरचे गुंडाळायचे आवरण असेल, तर त्याची पुढची पेटीही याच हिशेबात धरा.

तपासणी २: टेप घ्या आणि तीन मापे मोजा

ही तपासणी बहुतेकजण टाळतात आणि सरळ दुकानात जाऊन हिच विकत घेतात. त्यामुळे इथे जरा वेळ काढू.

गाडी आणि ट्रेलर जोडलेल्या अवस्थेत, सपाट जागी, एका रेषेत उभे करा. पहिले माप किंगपिनच्या मध्यापासून केबिनच्या मागच्या भिंतीपर्यंतचे आडवे अंतर. काच आत असते, टपाची कड बाहेर असते, म्हणून जो भाग सर्वांत मागे येतो तिथपर्यंत मोजा. ओळंबा सोडून मोजलेत तर अर्ध्या इंचाची चूकही राहत नाही. दुसरे माप ट्रेलरच्या रुंदीचे निम्मे. तिसरे, किंगपिनच्या मध्यापासून ट्रेलरची टोपी किती पुढे आली आहे ते. ओळंबा सोडल्याशिवाय हे माप डोळ्यांना नेहमी कमीच वाटते.

आता हिशेब. ट्रेलर साधारण ९६ इंच रुंद असतो, मोठे १०२ इंच. म्हणजे निम्मी रुंदी ४८ किंवा ५१ इंच. ८ फुटी लांब हौद्यात हिच आसावर बसवली की पिनपासून केबिन ५६ इंचांच्या आसपास येते, म्हणून लांब हौद्यावाल्यांना हा प्रश्न माहीतच नसतो. साडेसहा फुटी हौद्यात तेच अंतर ३८ ते ४२ इंच भरते. साडेपाच फुटी हौद्यात त्याहूनही कमी. ४८ इंचांची वस्तू ४० इंचांच्या जागेत काटकोनात फिरवायची, तर ती लागणारच. ड्रायव्हर कितीही पट्टीचा असो.

किती वळल्यावर लागेल, हेही काढता येते. पिन ते केबिन ४० इंच, ट्रेलर ९६ इंच रुंद आणि टोपी पिनच्या बरोबरीत असेल, तर कोपरा साधारण ५६ अंशांना केबिनला भिडतो. ट्रेलर १०२ इंचांचा असेल आणि टोपी पिनपेक्षा १२ इंच पुढे असेल, तर ३६-३७ अंशांनाच. पुढे आलेली टोपी किती महाग पडते ते इथे दिसते. आणि ट्रेलर विकणारा ‘हा आखूड हौद्याला चालतो’ म्हणतो तेव्हा तो टोपीचे कोपरे किती गोल किंवा आत कापलेले आहेत त्यावर बोलत असतो, हेही लक्षात येते. गोल कोपऱ्यांनी फायदा होतो, पण तो किती हे फक्त टेपच सांगेल. माहितीपत्रकावर विसंबू नका.

काटकोनात बिनधास्त वळायचे असेल, तर पहिले माप दुसऱ्यापेक्षा किमान ४ इंच जास्त हवे. ते भरत नसेल, तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी आहेत.

तपासणी ३: किती वळवता येते ते मोकळ्या मैदानात पाहा

रिकामे, सपाट पार्किंग शोधा. एक माणूस गाडीबाहेर उभा करा, पण गाडी आणि ट्रेलर यांच्या मधल्या खोबणीत नाही, बाजूला, तुम्हाला आरशात दिसेल असा. चालण्याच्या वेगाने मागे घेत जा, दर थोड्या अंतराला थांबा. कोपरा केबिनपासून ४ इंचांवर आला की थांबा. त्या स्थितीत बाजूच्या आरशात ट्रेलरची मागची कड जिथे दिसते, तिथे आरशावर रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. दोन्ही बाजूंना तसेच करा. पुढे कधीही ट्रेलरची कड त्या टेपला टेकली की मागे जाणे बंद, गाडी पुढे घेऊन सरळ करायची. दोन तुकडे टेपचे आणि एक मदतनीस, एवढ्यात निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो.

मागे घेतानाच हे का होते? पुढे जाताना ट्रेलर ओढला जातो आणि कोन आपोआप कमी होत जातो. मागे ढकलताना उलटे घडते. कोन आपणहून वाढत जातो आणि एका क्षणानंतर स्टीअरिंग पूर्ण उलटे फिरवले तरी गाडी-ट्रेलर कात्रीसारखे मिटत जातात. तिथून सुटायचा एकच मार्ग, पुढे जाणे. पुढे जाताना फक्त पेट्रोल पंपावरचे आखूड वळण आणि यू-टर्न धोक्याचे.

एकाच बाजूला लागत असेल तर आधी जमिनीचा आडवा उतार बघा, मग हिच मधोमध आहे का ते मोजा. हौद्याच्या दोन्ही कडांपासून हिचच्या मध्याचे अंतर सारखे यायला हवे. आणि एक गंमत म्हणजे बरेचदा दोष कशातच नसतो, ड्रायव्हर उजवीकडे मागे घेताना पलीकडची बाजू बघत नसतो, इतकेच.

तपासणी ४: उतार आणि बसलेला मागचा भाग

सपाट जागी ४ इंच मोकळे राहिले म्हणून निश्चिंत होऊ नका. केबिनचा टप हिचच्या पाट्यापेक्षा साधारण ३२ इंच वर असतो. गाडी आणि ट्रेलर एकमेकांकडे ५ अंश झुकले, तर त्या उंचीवर पावणेतीन इंच जागा कमी होते. गाडीची पुढची चाके फुटपाथच्या चढावर आणि मागची चाके रस्त्याच्या खोलगटात, एवढे पुरते. मोटेलच्या फाटकात लागलेले कोपरे बहुतेक असेच लागतात.

मागचे स्प्रिंगचे पाटे वजनाने दबून गाडीचा मागचा भाग ३ इंच बसला असेल, तरी टप अर्धा-पाऊण इंच मागे झुकतो. ट्रेलरचे नाकही तेवढे खाली येऊन पुढे कलते. म्हणून ट्रेलरच्या बाजूला पाणसळ लावून बघा. जोडलेल्या अवस्थेत तो जवळजवळ सपाट हवा. मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी (एअर बॅग) बसवून गाडी सपाट करता येते, पण तिच्यामुळे गाडीची वजन सोसायची मर्यादा वाढत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

तपासणी ५: हिच कुठे बसवली आहे?

हिचचा मध्य मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा त्याच्या एखाद-दोन इंच पुढे हवा. जागा मिळावी म्हणून हिच आसाच्या मागे सरकवून पट्ट्या बोल्ट केलेल्या गाड्या दिसतात. तसे करू नका. वजन आसाच्या मागे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंगची पकड जाते. उलट, कोणीतरी हिच गरजेपेक्षा पुढे बसवली असेल, तर तुमचे तीन-चार इंच फुकट जात आहेत, ते योग्य जागी आणून परत मिळवता येतात. काही हिचना पुढे-मागे बसवायच्या दोन-तीन जागा दिलेल्या असतात, आधी त्या तपासा. बोल्ट कसताना टॉर्क पाना वापरा आणि निर्मात्याने दिलेलाच आकडा घ्या. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा कसून घ्या, कारण रंगाचा थर दबून बोल्ट सैल होतात.

तपासणी ६: हाताने सरकवायचा स्लायडर

स्लायडर असूनही कोपरा लागलेल्या बहुतेक गाड्यांत बिघाड हिचमध्ये नसतो. दांडा ओढायला कोणी खाली उतरलेलेच नसते. स्लायडर साधारण १० ते १४ इंच मागे सरकतो. ४० चे ५२ झाले की ९६ इंची ट्रेलरला नेमके ४ इंच मोकळे मिळतात. १०२ इंची ट्रेलरला एकच इंच उरतो आणि उतारावर तोही जातो. तेव्हा रुंद ट्रेलरला कमी सरकणारा स्लायडर पुरत नाही, हे घेतानाच बघा.

सरकवायची रीत अशी. गाडी-ट्रेलर सरळ रेषेत, सपाट जागी उभे करा. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. खाली उतरून स्लायडरचा दांडा ओढा. गाडीत येऊन ब्रेक कंट्रोलरच्या हातदांडीने फक्त ट्रेलरचे ब्रेक धरा आणि गाडी हळूच पुढे घ्या. हिचचे डोके मागे सरकून खटका बसतो. पुन्हा उतरा आणि दोन्ही बाजूंच्या कुलूपपिना पूर्ण आत गेल्या आहेत का ते डोळ्यांनी बघा. आवाजावर विश्वास नको. काम झाले की तसेच ट्रेलर धरून गाडी मागे घ्या आणि डोके पुढच्या जागी आणा. मागच्या जागेत ठेवून हायवेवर जायचे नाही, कारण तेच: वजन आसाच्या मागे.

इथे एक धोका नीट समजून घ्या. स्लायडरचा दांडा आणि जबडा उघडायचा दांडा अनेक हिचवर शेजारी-शेजारी असतात. चुकून जबड्याचा ओढला, तर गाडी ट्रेलरखालून निघून जाते आणि ट्रेलरचे नाक हौद्याच्या कडांवर आदळते. जबड्याच्या दांड्याला लाल रंग लावा आणि त्याची कुलूपपिन नेहमी अडकवून ठेवा. स्लायडरच्या दांड्याला वेगळा रंग द्या.

दांडा हलत नसेल तर हातोडा घेऊ नका. पिनेवर ताण आहे. गाडी अर्धा इंच पुढे-मागे केली की ताण सुटतो. दांडा ओढला तरी डोके सरकत नसेल, तर ट्रेलर गाडीबरोबर घसरत असतो. खडीवर हे नेहमी होते, ठोकळे नीट लावा. तरीही सरकत नसेल तर रुळांवरची जुनी, वाळू धरलेली ग्रीस पुसून नवी लावा.

तपासणी ७: आपोआप सरकणारा स्लायडर आणि फिरता पिनबॉक्स

हजार डॉलरच्या पुढचे हे पर्याय आहेत, पण दर वळणावर उतरावे लागत नाही. आपोआप सरकणाऱ्या हिचमध्ये ट्रेलरच्या पिनबॉक्सला (नाकाखालच्या, किंगपिन धरणाऱ्या पेटीला) एक पकडपाटी बसवतात. किंगपिन जबड्यात फिरू शकत नाही, त्याऐवजी हिचचे डोकेच ट्रेलरबरोबर फिरते आणि फिरता फिरता खाचेतून मागे सरकते. डोके मागे सरकत नसेल, तर पहिला संशय पकडपाटीवर. ती तुमच्या पिनबॉक्सच्या मापाची आहे का, तिचे बोल्ट सैल आहेत का? ट्रेलर बदलला आणि जुनीच पाटी चढवली, ही सर्रास होणारी चूक. दुसरे म्हणजे ही हिच शक्यतो सरळ रेषेत उभे राहूनच सोडा. वळलेल्या अवस्थेत सोडली तर डोके तिरके आणि मागे राहते, आणि पुढच्या वेळी पिन जबड्यात शिरतच नाही.

फिरत्या पिनबॉक्समध्ये वळणाचा बिंदूच किंगपिनपासून जवळपास २२ इंच मागे, ट्रेलरच्या बाजूला जातो. इथेही किंगपिन फिरू न देण्यासाठी हिचच्या खाचेत एक पाचर बसते, आणि ती तुमच्या हिचच्याच मापाची लागते. पाचर सैल असेल तर पिन जबड्यात थोडा फिरतो, कोपरा लागण्याचा कोन बदलतो आणि हिचचे डोकेही झिजते. पाचर आणि खाच यांच्यात फट दिसली तर ट्रेलर हलवू नका.

किंगपिनऐवजी हौद्यातल्या बॉलवर बसणारे अडॅप्टर आणि लांब गूसनेक जोड स्वस्त दिसतात. पण त्यांनी ट्रेलरच्या चौकटीवर वेगळाच ताण येतो आणि काही चौकटींची हमी रद्द होते. घेण्याआधी ट्रेलरच्या निर्मात्याकडून लेखी उत्तर घ्या.

तपासणी ८: हौद्याची कड आणि ट्रेलरचे पोट

यात मधली फट ५.५ ते ६ इंच हवी. कमी असेल तर खड्ड्यात किंवा वाकड्या फाटकात ट्रेलरचे पोट कडेवर बसते. हिचचे डोके एक भोक वर घेता येते, पण मग नाक वर जाते आणि ट्रेलरच्या मागच्या आसावर जास्त वजन येते. पिनबॉक्स खाली घेऊनही फट वाढते, तेव्हा पुन्हा पाणसळ लावा. फाळका जोडताना-सोडताना उघडायला विसरू नका, तो वाकल्यावर सगळ्यांना आठवतो.

तपासणी ९: वजन

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावर माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेले असते. फिफ्थ व्हीलच्या पिनवर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण २० टक्के भार येतो. ट्रेलर १२,००० पौंडांचा असेल तर २,४०० पौंड. त्यात हिचचे १५० ते २०० आणि माणसांचे ३०० मिळवा. अर्ध्या टनाच्या पिकअपला (टन हे इथे फक्त वर्गाचे नाव) हे झेपत नाहीच, पण पाऊण टनी डिझेल गाड्यांतही अनेकांचा स्टिकर २,००० ते २,५०० पौंडांच्या आसपास असतो. आपोआप सरकणारी हिच साध्या हिचपेक्षा बरीच जड असते, त्यामुळे कोपरा वाचवताना मर्यादा ओलांडली जाते. ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर थोडक्या डॉलरांत दोन वेळा वजन करा, एकदा ट्रेलरसह आणि एकदा नुसत्या गाडीचे. पिनवरचा खरा भार त्या दोन पावत्यांतून निघतो. माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो.

इथे थांबा आणि तज्ज्ञाला बोलवा

जोडल्यावर ट्रेलरचे पाय जमिनीवर ठेवून, ट्रेलरचे ब्रेक धरून, गाडी हलकेच पुढे ओढून बघायची असते. या ओढणीत जबडा सुटला किंवा अर्धवट मिटलेला दिसला, तर एकदा पुन्हा जोडा. पिन जबड्याच्या वर बसलेला असू शकतो, ट्रेलर अर्धा-एक इंच खाली घेऊन प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही तसेच झाले तर गाडी हलवू नका.

पिनबॉक्सच्या वेल्डिंगला तडा, वाकलेला किंवा एका बाजूने झिजलेला किंगपिन, टोपीच्या सांध्यावर उघडलेली फट किंवा नाकाजवळ भिंतीवर उमटलेल्या तिरक्या भेगा, कसूनही पुन्हा पुन्हा सैल होणारे हिचचे बोल्ट किंवा लांबट झालेली भोके: यांतले काहीही घरच्या वेल्डिंग मशीनने करायचे काम नाही. ट्रेलर एकदा जरी कडांवर आदळला असेल, तरी वरून काही न दिसता चौकट वाकलेली असू शकते. केबिनच्या खांबाला पोचा पडला असेल तर बॉडीशॉपमध्ये दाखवा, तिथून अपघातात उघडणारी पडद्यासारखी एअर बॅग आणि तारा जातात.

बोलावण्याआधी तज्ज्ञाला सांगायची माहिती कागदावर लिहून ठेवा: पिन ते केबिनचे अंतर, ट्रेलरची रुंदी, टोपी पिनच्या किती पुढे, हौद्याच्या कडेवरची फट, वजनकाट्याच्या दोन पावत्या, हिच आणि पिनबॉक्सचा मॉडेल नंबर, आणि कोपरा कोणत्या बाजूला, कोणत्या उतारावर लागला.